लव्हॉनची सकाळची देवाणघेवाण

आयोवातल्या आमच्या ग्रँटली गावात मला भोचक म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, कारण तोंडावर काही म्हणायचं नाही हीच आमच्याकडची रीत. शेजारच्या दारात रुग्णवाहिका आली तर सगळी गल्ली पडद्याआडून बघते आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याला गाठून म्हणते, "काल वारा फार सुटला होता, नाही?" मला ते जमत नाही. मी सरळ विचारते, "कुणाला नेलं?" माझी सगळी नोकरी दातांच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या हाताखाली गेली. तिथे मी प्रश्न पुष्कळ विचारले, पण समोरच्याच्या तोंडात कापूस असायचा. उत्तरांची भूक तेव्हापासूनच राहून गेली असावी.

आणि या गावात मला सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं ते लव्हॉनचं. लव्हॉन रोज सकाळी आमच्या रेडिओवर 'देवाणघेवाण' चालवते आणि तिच्यासमोर बसून बटणं मी दाबते. इतकी वर्षं तिच्यापासून हाताच्या अंतरावर बसून मला तिच्याबद्दल जेवढं कळलं, तेवढं ग्रँटलीतल्या कुठल्याही माणसाला रेडिओ लावून कळलं असतं. म्हणजे काहीच नाही.

आमचं स्टेशन कॉलेजच्या जुन्या संगीत इमारतीच्या तळघरात आहे. जागा कॉलेजची, बाकी सगळं गावाचं. संध्याकाळनंतर विद्यार्थी येतात आणि कुणीतरी पत्र्याचं छप्पर उचकटत असल्यासारखं संगीत लावतात. सकाळ मात्र आमची. कुणाला जुना फ्रीज द्यायचाय, कुणाला पाळणा हवाय, कुणाचा कुत्रा हरवलाय, असे फोन येतात. शेवटी लव्हॉन शाळेतलं दुपारचं जेवण वाचून दाखवते आणि मग काल कोण गेलं ते. मांजरीची पिल्लं, मक्याची पोळी आणि मयत, तिन्हींना तिचा सूर एकच. कानाला ते बरं वाटतं. आपण गेल्यावरही ही आपल्याला असंच नीट वाचेल, असा एक धीर येतो.

लव्हॉन उंच, हाडापेराने मोठी. दर शुक्रवारी केस बसवून घेते आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत त्यातली एक बट हलू देत नाही. शाळेच्या ऑफिसात तिने नोकरी केली, ल्युथरन चर्चमध्ये ती अजूनही ऑर्गन वाजवते. नवरा डेल टायरचं दुकान चालवायचा, तो गेला. मूलबाळ नाही. कार्यक्रमाचे तिचे नियम कडक आहेत. एका फोनवर तीन वस्तू, त्यापुढे नाही. आडनाव सांगायचं नाही. आणि ओळखपाळख दाखवायची नाही, कारण ओळखीच्या माणसाशी गप्पा सुरू झाल्या की अनोळखी माणूस फोन ठेवून देतो, असं तिचं म्हणणं. पाद्रीबाबांनी फोन केला तरी "बोला" आणि शेवटी "धन्यवाद, पुढचा फोन."

डेलच्या बाबतीतसुद्धा हेच. त्याने एकदा तिला न सांगता होडी घेतली होती. दुकानामागे ताडपत्रीखाली लपवून ठेवली आणि वर्षभराने घाबरून विकायला काढली, तीही आमच्याच कार्यक्रमात. त्या पठ्ठ्याला वाटलं, आवाज बदलून बोललं की झालं. लव्हॉनने विचारलं, "लांबी किती? इंजिन चालू आहे का? ताडपत्री बरोबर देणार का?" मग धन्यवाद आणि पुढचा फोन. कार्यक्रम संपल्यावर तिने कोट चढवला, पर्स उचलली आणि म्हणाली, "बेव्ह, जरा टायरच्या दुकानात जाऊन येते." त्या दुकानात काय झालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. होडी मात्र राहिली. पुढचे सगळे उन्हाळे दोघं तळ्यावर मासे धरायला जायची.

आता मूळ गोष्ट. लव्हॉनला एक मोठा भाऊ आहे, मर्ल. गावाच्या पूर्वेला खडीच्या रस्त्यावर त्यांची वडिलोपार्जित शेती, मका आणि सोयाबीनची. मर्ल तिथेच राहिला, बायको गेल्यावर एकटाच राहिला. आई म्हातारपणी त्याच्याकडे होती. ती गेली त्या वर्षीच्या वसंतात एके सकाळी फोन वाजला, मी बटण दाबलं आणि मर्लचा आवाज आला.

"बोला," लव्हॉन म्हणाली.

"एक पियानो आहे. उभा. अक्रोडाच्या लाकडाचा. सूर बरे आहेत. नेईल त्याला फुकट."

मी मान वर करून लव्हॉनकडे बघितलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"वरच्या मजल्यावर आहे का खाली?" तिने विचारलं. पियानो म्हटलं की पहिला प्रश्न हाच. जिना असला तर कुणी फिरकत नाही.

"खालीच. बैठकीच्या खोलीत."

त्याच खोलीत त्याच पियानोवर लव्हॉन लहानपणी शिकली होती. आईच्या शेजारी बाकावर बसून, पाय जमिनीला पोचत नव्हते तेव्हापासून. हे सगळ्या काउंटीला, म्हणजे आसपासच्या गावांनाही, ठाऊक होतं, आणि ती विचारत होती, वर का खाली.

"अजून काही वस्तू?"

"नाही. तेवढंच." मग मर्ल थांबला. रेडिओवर एवढं थांबलेलं चालत नाही, माझा हात बटणावर गेला. "म्हणजे, कुणाला हवा असेल तर."

"धन्यवाद. पुढचा फोन."

संध्याकाळच्या आत कॉलेजमध्ये नव्याने आलेलं एक कुटुंब पियानो घेऊन गेलं. दोन वर्षांनी त्यांची बदली नेब्रास्कात झाली, पियानो त्यांच्याबरोबर गेला. आणि त्या फोननंतर लव्हॉन आणि मर्ल एकमेकांशी बोलायचे थांबले.

भांडण झालं असतं तर मी समजले असते. पण आमच्याकडे भांडत नाहीत. दोघं रविवारी चर्चमध्ये असायचे, ती ऑर्गनपाशी, तो मागच्या बाकावर, आणि येताजाता मान हलवायचे. ख्रिसमसला मर्ल तिच्यासाठी डुकराचं भाजलेलं मांस पाठवायचा, पण आर्डिथच्या हाती. आर्डिथ म्हणजे मर्लच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे राहणारी विधवा, माझ्या खालोखाल भोचक, फक्त ती ते कबूल करत नाही. लव्हॉन त्याला सफरचंदाचा 'पाय', म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, पाठवायची, तोही आर्डिथच्या हाती. आर्डिथची गाडी पोस्टाच्या गाडीसारखी ये-जा करायची आणि तिने दोघांना कधी एका शब्दाने विचारलं नाही की बाबांनो, हे काय चाललंय. सगळ्या गावाने नाही विचारलं. गाव रोज सकाळी रेडिओ लावून तिचा आवाज ऐकायचं आणि मर्लसुद्धा ऐकत असेल का, असा विचार करत कॉफी प्यायचं.

यंदा मका काढून झाला आणि बातमी आली की मर्ल चालला. ॲरिझोनात त्याची मुलगी आहे, तिने त्याला कायमचं बोलावून घेतलं. गुडघे गेलेत, बर्फ उपसवत नाही. शेत शेजाऱ्याने घेतलं. शनिवारी मुलगी येणार आणि घेऊन जाणार. आता त्या वयात कोण कुठून परत येतं? मला त्या आठवड्यात झोप लागेना. लव्हॉनचा तो एकुलता भाऊ, आणि ती दोघं चर्चच्या दारात एकमेकांना मान हलवून कायमची मोकळी होणार होती.

सोमवारी कार्यक्रम संपल्यावर मी तिला गाठलं. "लव्हॉन, मर्ल शनिवारी जातोय."

"हो. ऐकलं." ती वायर गुंडाळत होती.

"तू भेटणार नाहीस?"

"त्याची आवराआवर चालली असेल. मधे कडमडायला कशाला जायचं?"

"पियानोवरून ना हे सगळं?"

इतक्या वर्षांत हा शब्द कुणी तिच्यासमोर उच्चारला नव्हता. तिने वायर खाली ठेवली. मला वाटलं, आता ही मला इथून हाकलणार. पण ती खुर्चीत बसली.

"मला तो हवा होता असं नाही," ती म्हणाली. "त्याने विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. त्याची लेक आहे, नाती आहेत. पण विचारायचं तरी होतं, बेव्ह. आईला जाऊन महिना नव्हता झाला. आणि मला सांगायच्या आधी सगळ्या काउंटीला सांगितलं. तेही माझ्याच कार्यक्रमात."

"मग तेव्हाच म्हणायचंस, मला हवाय."

"त्याने देऊन टाकायचं ठरवलं होतं. ठरवलेल्या गोष्टीत हात घालून मागायचं? आपण काय तसली माणसं आहोत का?"

"तुझ्या घरी पियानो नाही, लव्हॉन. वाजवावंसं वाटलं की तू चर्चची किल्ली घेऊन जातेस."

"चर्चचा चांगला आहे," ती म्हणाली आणि वायर पुन्हा उचलली.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा "अहो, कशाला उगाच त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर घ्यायचं, तेही अर्धंच. चर्चच्या जेवणात त्या गोड 'पाय'चा शेवटचा तुकडा कुणी अर्धा नेतो, मग उरलेल्याचा अर्धा दुसरा कुणी नेतो, आणि आवरताना ताटलीत नखाएवढं काहीतरी शिल्लक असतंच. ते संपवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यातही लव्हॉन सगळ्यांवर कडी. तिच्या घराला आग लागली तर बंबवाल्यांना ती म्हणेल, तुम्हाला दुसरीकडे कुठे जायचं असेल तर आधी तिकडे जाऊन या.

मंगळवारी मी नूडल्स आणि कोंबडीचं मोठं भांडं ओव्हनमध्ये भाजून काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि मर्लकडे गेले. हातात जेवण असलं की आमच्याकडे कुणाच्याही घरात शिरता येतं. मर्ल पायऱ्यांवर खोकी बांधत बसला होता. वाळका, कान मोठे, टोपीखालचं कपाळ पांढरंफटक.

"अगं, हे कशाला?" तो म्हणाला.

"उरलं होतं." भांडं तर काठोकाठ भरलेलं होतं, पण असं म्हणायचं असतं.

"बस. कॉफी घेशील?"

"नको."

"आहे केलेली."

"कशाला उगाच."

"अर्धा कप?"

"बरं, अर्धा."

आत स्वयंपाकघरात नेऊन त्याने कप भरून दिला. आत जाताना बैठकीच्या खोलीत मी भिंतीकडे बघितलं होतं. पियानो होता तिथला भिंतीला चिकटवलेला कागद बाकीच्या भिंतीपेक्षा गडद होता. त्या जागेवर मर्लने दुसरं काही ठेवलं नव्हतं. खुर्चीसुद्धा नाही.

मी दोन घोट घेतले आणि विचारलं, "मर्ल, तू तो पियानो रेडिओवर का दिलास?"

त्याने साखर ढवळली. तो साखर घेत नाही, नुसतंच ढवळत होता. मला गप्प बसणं जड जातं, पण बसले.

"तिलाच द्यायचा होता," तो म्हणाला.

"मग रेडिओवर?"

"अगं, घरी जाऊन विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? नाही. तुझ्या नातींना ठेव. मी परत विचारलं असतं, ती परत नाही. आमच्या व्हॉनीला तू ओळखत नाहीस का? लहानपणी तिला शेवटचं बिस्किट द्यायचं तर खिशात लपवून टाकावं लागायचं. मग मी म्हटलं, परक्या माणसाला जातोय असं दिसलं की तिला राहवणार नाही. म्हणेल, थांबा, तो माझा आहे. तिथल्या तिथे." त्याने चमचा बशीत ठेवला. "मी फोन कानाला लावून उभा होतो, बेव्ह. म्हटलं, आता म्हणेल. आणि ती म्हणाली, पुढचा फोन."

"तू नंतर तिला सांगायचंस ना, की बाई, तुझ्यासाठीच केलं होतं."

"तिला नको होता. नको असलेली वस्तू गळ्यात मारायची का कुणाच्या?"

मी कप ठेवला. खरं सांगते, मला त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. तो तिला त्रास नको म्हणून विचारायला गेला नाही. ती त्याला अडचण नको म्हणून मागायला गेली नाही. दोघांनीही सभ्यपणाची कमाल केली, आणि पियानो नेब्रास्कात.

"मी तिला सांगू?" मी विचारलं.

"नको नको. उगाच तिला वाईट वाटेल."

बुधवारी सकाळी, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, मी लव्हॉनला सगळं सांगितलं. 'नको' म्हणाला होता, पण एकदाच म्हणाला होता, आणि एकदाच्या नाहीला आमच्याकडे काही किंमत नसते. त्याचं बिस्किटाचं बोलणं, फोन कानाला लावून उभं राहणं, भिंतीवरची रिकामी जागा, सगळं जसंच्या तसं सांगितलं. लव्हॉनने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, परत लावला.

"माइक चालू करायची वेळ झाली," ती म्हणाली.

आणि झाला कार्यक्रम. खाट, टोस्टर, हरवलेली पाळीव बदकं. शाळेचं जेवण वाचताना तिने बुधवारच्या ऐवजी गुरुवारचं वाचलं, तेवढंच काय ते. गुरुवारीही तसंच. मी तिच्याकडे टक लावून बघत होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दगडाला सांगितलं असतं तर एव्हाना दगड गाडीत बसून मर्लकडे गेला असता.

शुक्रवार उजाडला. मर्लचा ग्रँटलीतला शेवटचा दिवस. कार्यक्रम निम्मा झाला असेल, मी पुढचा फोन घेतला.

"बोला," लव्हॉन म्हणाली.

"एक शिडी आहे," मर्ल म्हणाला. "ॲल्युमिनियमची. आणि एक स्वयंपाकघरातलं टेबल. ओकचं. फुकट. आजच न्यायचं."

मी डोक्याला हात लावला. या माणसाने पुन्हा तेच केलं होतं. त्याच खड्ड्यात, त्याच पायाने. ते टेबल मी मंगळवारी पाहिलं होतं. त्याच्यावरच तर कॉफी प्यायलो. त्यावर त्या दोघांच्या आईने पावाची कणीक मळली होती, दोघांनी शाळेचा अभ्यास केला होता, आणि हा बाबा ते शिडीच्या जोडीला रेडिओवर काढत होता.

"शिडी किती फुटी?" लव्हॉनने विचारलं. सूर तोच.

"चोवीस."

"टेबलाच्या कडेची घडीची पानं उघडतात का?"

"उघडतात. एक जरा अडकतं. तुला," मर्ल अडखळला, "म्हणजे, हलवून उघडावं लागतं."

"तिसरी वस्तू?"

हे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं. तीन वस्तूंची परवानगी असते, सक्ती नसते. मी त्याचा श्वास ऐकत होते, आणि माझ्याबरोबर आयोवाचा हा सगळा कोपरा ऐकत होता.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "दोनच. कुणाला हवं असेल तर."

मला वाटलं, आता आलं, पुढचा फोन. लव्हॉनच्या गालांवर लाल चट्टे उठले. मग ती माइकच्या अगदी जवळ वाकली.

"ते टेबल न्यायला कुणी येऊ नका," ती म्हणाली. "ते माझं आहे. शिडी न्या. टेबल माझं आहे."

तिने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले, कोट घेतला, पर्स घेतली आणि निघाली. दारातून वळून मला म्हणाली, "जेवण शुक्रवारचं वाच." आणि गेली. माइक चालू, खुर्ची रिकामी.

रेडिओवर शांतता हे मोठं पाप आहे. मी धडपडत तिच्या खुर्चीत बसले. आयुष्यभर बटणं दाबलेली बाई मी, तोंड उघडलं तर काय म्हणावं ते सुचेना. "बेव्ह बोलतेय," मी म्हणाले. "लव्हॉनला जरा, जरा बाहेर जावं लागलं." आणि तेवढ्यात फोनचे सगळे दिवे एकदम लागले. आमच्या फोनवर सगळे दिवे एकदम लागलेले मी त्याआधी कधी बघितले नव्हते.

"माझ्याकडे एक शिडी आहे," पहिला माणूस म्हणाला.

"द्यायची आहे?"

"नाही. पण आहे."

दुसरा टायरवाला, डेलचं दुकान आता जो चालवतो तो. "चार टायर आहेत."

"विकायचे?"

"छे, माझ्याच गाडीला लावलेत. म्हटलं, लाइन रिकामी राहू नये."

एका बाईने मुळ्यांबद्दल सांगितलं. पाद्रीबाबांनी फोन करून चर्चमधल्या खुर्च्यांची लांबलचक चौकशी केली, आणि त्या खुर्च्या त्यांच्याच ताब्यात असतात. लव्हॉनबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. कुणी विचारलं नाही की ती कुठे गेली. सगळं गाव मिळून तिला खडीच्या रस्त्यापर्यंत पोचायला वेळ देत होतं आणि माझी रेडिओवर फजिती होऊ नये हेही बघत होतं. या लोकांवर मी किती चरफडत आलेय, पण त्या घटकेला एकेकाला जवळ घेऊन बसावंसं वाटलं.

मग आर्डिथचा फोन आला.

"माझ्याकडे लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आहेत," ती म्हणाली. "झाकणांसकट."

"बरं. अजून?"

"अजून काही नाही. खिडकीत बसून पुसत होते." ती घोटाळली. "निळी ब्यूक गाडी आत वळली समोर, मर्लकडे."

"कुणाची?" मी विचारलं. मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

"मी काही बघत नाहीये हं. झाडांची पानं गळलीत, त्यामुळे आपोआप दिसतं."

"आर्डिथ, ती उतरली का?"

"नाही. बसलीय गाडीत. मर्ल आलाय बाहेर. टोपी हातात घेतलीय. आता उतरली." बरणीवर बरणी ठेवल्याचा आवाज झाला. "दोघं टेबल बाहेर काढतायत. दारात अडकलं. त्याचं ते पान उघडलं वाटतं मधेच. खाली ठेवलं."

"मग?"

"मग," आर्डिथ म्हणाली आणि तिचा आवाज बारीक झाला, "बेव्ह, ती त्याच्यावर ओरडतेय."

लव्हॉन ओरडत होती. डेल गेला तेव्हा जिने रडताना आवाज केला नव्हता, ती.

"काय ओरडतेय?"

"खिडकी बंद आहे ना. ऐकू येत नाही. पण बऱ्याच दिवसांचं दिसतंय." जरा वेळाने, "आता तोही ओरडतोय. हातवारे करून. मर्ल. बेव्ह, खिडकी उघडू का?"

माइक चालू होता. सगळ्या काउंटीत कुणी चमचासुद्धा वाजवला नसेल. हे योग्य नव्हे हे मला कळत होतं.

"उघड," मी म्हणाले.

लाकूड करकरलं, वारा फोनमध्ये शिरला. "ती म्हणतेय, विचारायचं होतंस," आर्डिथ म्हणाली. "तो म्हणतोय, सांगायचं होतंस. ती परत तेच म्हणतेय. तोही परत तेच." मग बराच वेळ नुसता वारा. "आता गप्प झालेत. ती टेबलावर बसलीय. अंगणात, टेबलावर, कोट घालून. तोही बसला शेजारी. तो काहीतरी विचारतोय तिला."

"काय विचारतोय?"

"थांब." वारा. "म्हणतोय, जेवून जातेस का. बेव्हचं भांडं अजून अर्धं उरलंय म्हणतोय."

आता ती नाही म्हणेल. मग त्याने परत विचारायला हवं, आणि परत, आणि मर्ल काही परत विचारणाऱ्यातला नव्हे. मी माइक घट्ट धरला.

"आर्डिथ, ती काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

"किती वेळा विचारलं त्याने?"

"एकदाच," आर्डिथ म्हणाली. ती रडत होती. "एकदाच विचारलं, बेव्ह."